रुळांच्या अलीकडे की पलीकडे? जयपुरात घर घेताना

मालवीय नगरमध्ये दुसऱ्या मजल्यावरचा जुना दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यावा, की त्याच पैशात जगतपुऱ्यातला नवाकोरा तीन बेडरूमचा? जयपूरला बदली होऊन आलेल्या, तिथल्या उन्हाला आणि थंडीला सरावलेल्या आणि आता भाड्याच्या घराला कंटाळलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न हटकून येतो. दोन वस्त्यांच्या मध्ये आहे ती दिल्लीकडे जाणारी रेल्वेलाइन, आणि तिच्यावर पूल आहे. शाळेच्या बस दोन्हीकडे फिरतात, विमानतळ दोन्हीकडून जवळ. तरी गजामागे भावात चांगलाच फरक पडतो. एजंट म्हणतो, मालवीय नगर 'पॉश' आहे. पण तेवढ्या उत्तरावर आयुष्यभराची पुंजी लावू नये. त्या फरकाचं बरंचसं कारण जमिनीच्या कागदात आणि नळाच्या पाण्यात आहे. जयपुरात शेजारशेजारच्या दोन वस्त्यांतून एक निवडायची, तर या दोन गोष्टी आधी बघाव्यात. खोल्या, फरशी आणि मॉड्युलर किचन त्यानंतर.

कागदापासून सुरुवात करू, कारण बाहेरून आलेला माणूस इथेच फसतो. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसवलेलं परकोट्यातलं, म्हणजे तटबंदीच्या आतलं, शहर आखीवरेखीव आहे. परकोट्याबाहेरचं जयपूर मात्र तीन वेगवेगळ्या हातांनी वाढलं. पहिला हात राजस्थान हाऊसिंग बोर्डाचा. बोर्ड १९७० मध्ये स्थापन झालं. आपल्याला म्हाडा आणि सिडको माहीत आहेत, त्याच वळणाचं काम. मानसरोवर, प्रताप नगर आणि मालवीय नगरचा बराच भाग बोर्डाने वसवला. दुसरा हात १९८२ मध्ये कायद्याने उभ्या राहिलेल्या जयपूर विकास प्राधिकरणाचा. तिथे सगळे त्याला जेडीएच म्हणतात. तिसरा हात गृहनिर्माण सहकारी समित्यांचा. या समित्यांनी शेतकऱ्यांकडून शेतजमीन घेतली, तिचे प्लॉट पाडले आणि स्वतःच्या सहीशिक्क्याचे पट्टे, म्हणजे प्लॉटचे कागद, वाटले. यालाच 'सोसायटी पट्टा' म्हणतात.

मराठी माणसाच्या कानाला 'सोसायटी' हा शब्द फार विश्वासाचा वाटतो. आपल्याकडे सोसायटी म्हणजे नोंदणी, शेअर सर्टिफिकेट, वार्षिक सभा. जयपुरातल्या सोसायटी पट्ट्याला तसला आधार नसतो. समितीने दिलेला तो वाटपाचा कागद असतो. त्यावर जेडीएचा शिक्का नसेल, तर जमीन निवासी झालेली आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. एकच प्लॉट दोघातिघांना देणं, जुन्या तारखेचे पट्टे नंतर छापणं, हे प्रकार या शहराला चांगले ठाऊक आहेत. शेतजमिनीवर १७ जून १९९९ पूर्वी वसलेल्या कॉलन्या नियमित करण्याची वाट सरकारने काढली, तेव्हापासून ती तारीख दलालांच्या बोलण्यात घट्ट रुतून बसली आहे. पुढे वेळोवेळी शिबिरं भरली, कितीतरी कॉलन्यांना जेडीएचे पट्टे मिळाले. कितीतरी अजून त्या रांगेत आहेत.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: पट्टा कोणाचा आहे? उत्तर तीनपैकी एकच मिळायला हवं. हाऊसिंग बोर्डाचा, जेडीएचा किंवा सोसायटीचा. 'जेडीए अप्रूव्ड है जी' हे उत्तर धरू नका. कॉलनीचा नकाशा मंजूर असणं वेगळं आणि तुमच्या प्लॉटचा पट्टा निघालेला असणं वेगळं. 'पट्टा हो जाएगा' असं कुणी म्हणालं, तर तो झाल्यावर या, असं नम्रपणे सांगा आणि उठा. राष्ट्रीयीकृत बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाकडून कागद तपासून घेणं ही सर्वांत स्वस्त खबरदारी आहे. कर्ज लागत नसेल तरीही ती घ्यावी. सोसायटी पट्ट्यावर कर्ज द्यायला मोठ्या बँका सहसा नाखूश असतात. एखादी खाजगी वित्तसंस्था चढ्या व्याजाने तयार झाली, म्हणून कागद चांगला ठरत नाही.

त्याच्या खालचा थर म्हणजे जमिनीचा मूळ इतिहास. आपला सातबारा तशी तिथली जमाबंदी. ती 'अपना खाता' या सरकारी पोर्टलवर जमिनीचा खसरा क्रमांक (आपल्या गट क्रमांकासारखा) घालून पाहता येते. विक्रेत्याकडून खसरा क्रमांक मागून घ्या. त्याने टाळाटाळ केली, तर तेही एक उत्तरच आहे. जमाबंदीत जमिनीच्या प्रकारापुढे काय लिहिलंय ते नीट वाचा. 'गैर मुमकिन नाला' असेल, तर विषय तिथेच संपवा. राजस्थान उच्च न्यायालयाने २००४ मध्ये अब्दुल रहमान खटल्यात नदी, नाले, तलाव आणि त्यांच्या पाणलोटाच्या जमिनी १५ ऑगस्ट १९४७ च्या स्थितीला आणण्याचे आदेश दिले. त्यामुळे अशा जमिनीवरचं घर कितीही देखणं असलं, तरी त्याच्या डोक्यावर टांगती तलवार राहते. 'चरागाह' म्हणजे गायरान, 'सिवाय चक' म्हणजे सरकारी पडीक. 'माफी मंदिर' म्हणजे देवस्थानाची जमीन. ती पुजाऱ्याने विकली तरी मालकी तुमच्याकडे येत नाही. खातेदार अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल, तर राजस्थान काश्तकारी अधिनियम, १९५५ च्या कलम ४२ प्रमाणे ती शेतजमीन त्या प्रवर्गाबाहेर विकता येत नाही. मधल्या व्यवहारांत हा मुद्दा दडपलेला असू शकतो. घर बघायला जाताना इंटिरियरचे फोटो काढण्याआधी हा एक पानभर उतारा वाचला, तर पुढचे कितीतरी रविवार वाचतात.

आता पाणी. जयपूरकरांना रामगढचं नाव काढलं तरी वाईट वाटतं. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती या तलावात झाल्या होत्या. शहराची तहान भागवणारा तो तलाव नंतर आटून गेला. आता शहर पितं ते टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बीसलपूर धरणाचं पाणी, सुमारे १२० किलोमीटरवरून आणलेलं. जुन्या, रुळलेल्या वस्त्यांत हे पाणी जलदाय विभागाच्या नळाने येतं, बहुधा दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी. लोक ते जमिनीखालच्या टाकीत साठवतात आणि मोटरने गच्चीवर चढवतात. नव्या वस्त्यांत मात्र पाइपलाइन टप्प्याटप्प्याने पोहोचते आहे. ती पोहोचेपर्यंत बोरिंग आणि टँकर. भूजलाचा उपसा जयपूर परिसरात भरण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. सरकारी वर्गवारीतही हा भाग 'अतिदोहित' आहे. म्हणजे आज चालणारी बोअर पाच वर्षांनी चालेलच असं नाही, आणि चालली तरी पाणी अधिक खोलावरचं, अधिक क्षारांचं असेल.

विक्रेता 'बीसलपूर का पानी आता है' म्हणेल. ते तपासायला बाथरूममध्ये जा. नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा खडबडीत थर साचलाय का, बोट फिरवून बघा. बादलीच्या आतल्या कडेवर पाण्याची पांढरी रेघ आहे का? स्टीलच्या सिंकवर वाळलेल्या थेंबांचे डाग घासूनही निघत नाहीत का? असेल, तर त्या घरात बरेच दिवस बोअरचं पाणी वापरलं जातंय. नवा फ्लॅट असेल तर ही खूण मिळणार नाही. मग शेजारच्या जुन्या घराची बेल वाजवा, आणि शक्यतो घरातल्या बाईंशी बोला. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, मे महिन्यात टँकर किती मागवावे लागतात, गीझर किती वेळा बदलला, हे त्यांना तोंडपाठ असतं. जलदाय विभागाचं अलीकडचं बिल दाखवा म्हणून विक्रेत्याला सांगा. कनेक्शन असेल तर बिल असतंच.

या दोन चाळण्या हातात घेऊन पुन्हा रुळांपाशी येऊ.

मालवीय नगरची ताकद तिच्या वयात आहे. रस्ते, गटारं, नळ, बागा आणि बाजार आधीपासून आहेत. गौरव टॉवर आणि वर्ल्ड ट्रेड पार्क हे मॉल हाकेच्या अंतरावर, जवाहरलाल नेहरू मार्गावर एमएनआयटी आणि मोठी खाजगी रुग्णालयं, टोंक रोडच्या बाजूला जयपुरिया हे सरकारी रुग्णालय. मुंबई-पुण्याहून आई-वडील येऊन राहणार असतील, तर या गोष्टींची किंमत वेगळी सांगायला नको. गांधीनगर स्टेशनही सोयीचं आहे. २०१८ पासून त्याचं कामकाज महिला कर्मचाऱ्यांच्या हाती आहे; मुंबईकरांना माटुंगा आठवेल. दुसऱ्या अंगाला झालाना बिबट राखीव क्षेत्र आहे. सकाळची हवा त्यामुळे सुखावते आणि अधूनमधून बिबट्या कडेच्या वस्तीत शिरल्याची बातमीही येते. कमतरता म्हणजे इमारती जुन्या, पार्किंग अपुरं, आणि मुख्य रस्त्यालगतच्या घरांचं एकेक करून दुकानात, क्लिनिकमध्ये, कॅफेत रूपांतर होत चाललेलं. म्हणून इथे घर घ्यायचं तर मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत.

जगतपुरा ही एक वस्ती आहे असं समजूच नका. महल रोडच्या अलीकडे-पलीकडे जेडीएच्या योजना, बिल्डरांच्या गेट असलेल्या टाउनशिप आणि समित्यांच्या कॉलन्या एकमेकींना खेटून आहेत. एका भिंतीच्या या बाजूला स्वच्छ पट्टा आणि पक्का रस्ता, तर त्या बाजूला सोसायटी पट्टा आणि पावसाळ्यात चिखल, असं चित्र दिसतं. म्हणूनच 'जगतपुरा स्वस्त आहे' या वाक्याला अर्थ नाही. कुठल्या कॉलनीत, एवढाच प्रश्न. मोठी टाउनशिप असेल, तर राजस्थान रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, मंजूर नकाशा आणि ताब्याची तारीख बघा. मालवीय नगरात न मिळणाऱ्या गोष्टी, म्हणजे लिफ्ट, मुलांना खेळायला जागा, स्वतःचं पार्किंग, इथे मिळतात. लहान मुलांच्या कुटुंबाला त्या हव्याशा वाटणारच. कागद स्वच्छ असेल आणि नळाचं पाणी आलेलं असेल, तर जगतपुरा घ्यायला मी बिनधास्त सांगेन. दोन्हींपैकी एक नसेल, तर तिसरी बेडरूम सोडा आणि पुलाच्या अलीकडे या.

या दोन वस्त्यांच्या तुलनेत एक तिसरं नाव लोक विसरतात: प्रताप नगर. सांगानेरच्या पुढे, टोंक रोडला लागून, हाऊसिंग बोर्डाचीच वस्ती. बोर्डाने न विकली गेलेली घरं २०१९ नंतर मोठ्या सवलतीत ई-लिलावात काढली, तेव्हा इथल्या घरांनाही गिऱ्हाईक मिळालं. सीतापुऱ्याच्या औद्योगिक भागात नोकरी असेल, तर हे ठिकाण अगदी जवळचं. कागदाचा घोर फारसा नाही. बोर्डाचं घर दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडून घेत असाल, तर प्रत्येक हस्तांतर बोर्डाच्या दप्तरी नोंदलेलं आहे का आणि लीजची रक्कम भरलेली आहे का, एवढं पाहा. फक्त साध्या मुखत्यारपत्रावर फिरलेलं घर टाळा. विमानांच्या आवाजाकडेही लक्ष द्या. धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे तिच्या दोन्ही टोकांच्या रेषेत येणाऱ्या कॉलन्यांना तो जास्त जाणवतो. संध्याकाळी गच्चीत अर्धा तास बसलात की कळेल.

शहराच्या नैऋत्येला हाच पेच मानसरोवर आणि पृथ्वीराज नगर यांच्यात दिसतो, आणि तिथे तो अधिक स्पष्ट आहे. मानसरोवर ही हाऊसिंग बोर्डाची भलीमोठी वसाहत. शिप्रा पथ, वरुण पथ, रजत पथ अशी रस्त्यांची नावं, सेक्टरनुसार घरांचे क्रमांक. मेट्रो इथूनच सुटते: ३ जून २०१५ ला मानसरोवर ते चांदपोल सुरू झाली आणि सप्टेंबर २०२० मध्ये परकोट्यातल्या बडी चौपडपर्यंत गेली. रेल्वे स्टेशन, सिंधी कॅम्पचा बसस्टँड आणि जुना बाजार हे सगळं एका मार्गावर. ज्यांच्या घरी एकच गाडी आहे, त्यांनी मानसरोवरचा विचार सर्वांत आधी करावा.

पृथ्वीराज नगर त्याला लागूनच आहे. जेडीएने ही जमीन योजनेसाठी संपादनाखाली घेतली, तोवर समित्यांनी प्लॉट विकले होते, लोकांनी घरं बांधली होती. मग दोन-अडीच दशकं खटले आणि अनिश्चितता. २०१३ च्या सुमारास सरकारने नियमन सुरू केलं आणि कॉलनीमागून कॉलनी पट्टे मिळू लागले. बीसलपूरचं पाणीही टप्प्याटप्प्याने येऊ लागलं. इथे ज्यांनी आयुष्याची कमाई घालून घर बांधलं आणि वर्षानुवर्षं कागदासाठी हेलपाटे घातले, त्यांच्याबद्दल मनात सहानुभूतीच हवी. पण तुम्ही आज विकत घेत आहात, आणि तुम्हाला निवड आहे. पट्टा मिळालेल्या कॉलनीतला, पट्ट्याचे पैसे पूर्ण भरलेला, नळ लागलेला प्लॉट असेल, तर जरूर बघा. मानसरोवरच्या मानाने जागा ऐसपैस मिळते. 'फाइल लगी हुई है' म्हणणाऱ्याला मात्र त्या फाइलच्या निकालापर्यंत थांबू द्या. आणखी एक काळजी: जेडीएच्या सेक्टर प्लॅनमध्ये रस्त्याची रुंदी किती आखली आहे ते बघा. जमिनीवर चाळीस फुटांचा दिसणारा रस्ता कागदावर ऐंशी फुटांचा असेल, तर समोरची बाग आणि कदाचित पुढची खोली त्यात जाईल.

याच पट्ट्यातून द्रव्यवती वाहते. जुने लोक तिला अमानीशाहचा नाला म्हणतात. सुमारे ४७ किलोमीटरच्या या नदीच्या काठांच्या काही भागाचं २०१८ मध्ये सुशोभीकरण झालं, बागा आणि पायवाटा झाल्या. संध्याकाळी फिरायला छान. तरी नदी ती नदीच. १४ ऑगस्ट २०२० च्या पावसात जयपूरच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ ला विश्वकर्मा भागात तळघरात पाणी शिरून एका लहान मुलीसह तिघांचा जीव गेला. वाळवंटाच्या शहरात पुराची काय भीती, असं म्हणू नका. सखल गल्लीतलं घर, रस्त्यापेक्षा खाली बसलेलं तळमजल्याचं जोतं आणि तळघरातली खोली, या तिन्ही गोष्टी नाकारा, भले भाव कितीही उतरलेला असो.

वैशाली नगरबद्दल थोडक्यात. पश्चिमेला अजमेर रोडजवळची वस्ती, चांगला बाजार, चांगल्या शाळा. महिंद्रा वर्ल्ड सिटीत नोकरी असेल, तर पूर्वेकडच्या जगतपुऱ्यात घर घेऊन रोज शहर आडवं ओलांडण्यात अर्थ नाही. वैशाली नगर, चित्रकूट किंवा मानसरोवर बघा. दक्षिणेचा रिंगरोड अजमेर, टोंक आणि आग्रा रोडना जोडतो, पण तो गाठण्यातच वेळ जातो. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचं आमिष दाखवून टोंक रोडलगत जादा भाव सांगणारे भेटतील. सीतापुरा ते आंबाबाडी हा मार्ग पहिल्या टप्प्याबरोबरच कागदावर आखला गेला होता. मार्ग यावा, लवकर यावा. मात्र जी गाडी आज धावते तिचेच पैसे द्या. बदलीच्या नोकरीत असाल तर मुलांच्या केंद्रीय विद्यालयाचाही विचार करा. बजाज नगरचं क्रमांक १ मालवीय नगरवाल्यांना सोयीचं पडतं.

आता फ्लॅटचा एक मुद्दा, जो या सगळ्या वस्त्यांना लागू आहे. जयपुरात दोन-तीनशे गजांच्या प्लॉटवर तीन-चार मजले चढवून मजलानिहाय विकण्याची पद्धत आहे. (एक वर्ग गज म्हणजे नऊ चौरस फूट, भाव ऐकताना गोंधळ नको.) पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठपर्यंत सदनिकांचा प्रकल्प रेरा नोंदणीतून सुटतो, त्यामुळे हे मजले बहुधा रेराच्या बाहेर राहतात. तिथे तुमचं रक्षण करतो तो फक्त मंजूर नकाशा आणि विक्रीखत. नकाशात किती मजले मंजूर आहेत आणि जागेवर किती उभे आहेत, हे मोजा. वरचा मजला मंजुरीबाहेरचा निघाला, तर तो सील होण्याची भीती असते. आणि गच्ची कोणाची ते विक्रीखतात स्पष्ट लिहून घ्या. 'छत के अधिकार' बिल्डरने स्वतःकडे ठेवले, तर उद्या तो आणखी एक मजला चढवेल किंवा टॉवर बसवेल. इथे गच्चीचा उपयोग बाराही महिने आहे: पाण्याची टाकी तिथे, हिवाळ्यातलं ऊन तिथे, उन्हाळ्यात पापड-कुरडया तिथे, आणि १४ जानेवारीला अख्खं जयपूर पतंग घेऊन गच्चीवरच असतं. संक्रांतीला गच्चीवर जायला शेजाऱ्याची परवानगी लागावी, असं घर घेतलंत तर मुलं तुम्हाला माफ करणार नाहीत.

घर पश्चिमेला उघडं असेल, तर मे महिन्यात दुपारी तीनला जाऊन भिंतीला हात लावून बघा. शक्य असेल तर ज्या दोन वस्त्यांमध्ये मन अडकलंय, त्यांतल्या नव्या वस्तीत आधी अकरा महिने भाड्याने राहा. करार मार्च-एप्रिलमध्ये सुरू करा, म्हणजे उन्हाळ्यातली टंचाई, जूनमधली आंधी आणि ऑगस्टचा पाऊस तिन्ही अनुभवायला मिळतील. त्या काळात बँकेच्या वकिलाकडून दोन-तीन घरांचे कागद तपासून ठेवता येतात. खरेदीच्या वेळी नोंदणी पत्नीच्या नावाने केली, तर राजस्थानात मुद्रांक शुल्कात सवलत मिळते. शुल्क मोजलं जातं ते डीएलसी दरावर, आपल्या रेडी रेकनरसारख्या. व्यवहाराची रक्कम त्याहून जास्त असेल तर त्या रकमेवर. डीएलसी दर कॉलनी आणि रस्त्यानुसार बदलतो, म्हणून टोकन देण्याआधी आपल्या नेमक्या गल्लीचा दर उपपंजीयक (दुय्यम निबंधक) कार्यालयातून विचारून घ्या.